रोज आकडे बघून ब्लॉग चालत नाही

सह्यभटका: काल इथे एकाने ठणकावून लिहिलं, 'रोज सकाळी पेज व्ह्यूज न बघणारा ब्लॉगर हौशीच. ज्या विषयाला वाचक नाहीत तो विषय सोडा.' दोन ओळींत उत्तर भागणार नाही, म्हणून वेगळा धागा.

तो आकडा नक्की मोजतो काय? जुन्या गूगल ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे ब्लॉगवर कोण आलं ते मोजणाऱ्या साधनात, कोणी सर्चमधून येऊन माझा हरिश्चंद्रगडाचा लेख शेवटपर्यंत वाचला आणि टॅब बंद केला, तर वाचनाचा वेळ शून्य, वर बाउन्सचा, म्हणजे 'आला तसा गेला' असा शिक्का. दुसरं पान उघडलं तरच वेळेचा हिशेब लागायचा. ते जुनं साधन जुलै २०२३ मध्ये बंद झालं. नव्यात पान १० सेकंदांपेक्षा जास्त समोर राहिलं की भेट 'एंगेज्ड', म्हणजे वाचक रमला असं धरतात. तेवढ्यात शीर्षक आणि पहिला फोटो होतो. बॉटच्या, म्हणजे आपोआप पानं उघडणाऱ्या प्रोग्रॅमच्या भेटींवर हुरळून गेलेले तर कितीतरी पाहिलेत.

आणि विषय सोडायचा म्हणजे 'पावसाळ्यातली दहा ठिकाणं' लिहायची? हरिहर गडाच्या पायऱ्यांवर रविवारी पाय ठेवायला जागा नसते, त्यात या याद्यांचा हात आहे. बेलपाड्याहून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढताना पाणी कुठे, दोर कुठे लागतो, हे वाचणारे थोडेच असणार. पण त्यांना ते लागतंच.

अन्नपूर्णा_डोंबिवली: नोकरी सांभाळून हौसेने लिहिणाऱ्याला हे बोलणं परवडतं. ब्लॉग इंटरनेटवर ठेवायचं, म्हणजे होस्टिंगचं माझं बिल जाहिरातींतून निघतं. लोक गूगलवर काय शोधून आपल्याकडे येतात ते दाखवणाऱ्या सर्च कन्सोलमुळेच कळलं की लोक नुसतं 'अनारसे' नाही, 'अनारसे तळताना हसतात, काय करू' असं शोधतात. हसतात म्हणजे तेलात विरतात. मग पीठ सैल झालं तर काय, यावर वेगळा लेख लिहिला आणि नवरात्रात टाकला. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पीठ-गूळ मुरायचं. धनत्रयोदशीला वाचून उपयोग काय? हे आकडे बघितले नसते तर कळलं नसतं.

सह्यभटका: लोक काय शोधतात ते सणाआधी बघणं वेगळं. लेख टाकल्यावर दर तासाला फोन उघडायचा आणि आकडा पडला की पुढचा लेख लिहायचाच नाही, त्याला माझा विरोध आहे. चांगलं लिहिणारे याच पायी थांबलेत.

जुना_वाचक: तुमचं दोघांचं चालू द्या, पण खरा वाचक त्या आकड्यात येतोच कुठे? आजोळच्या विहिरीवरचा माझा लेख आमच्याच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. खाली 'लेखक अज्ञात'. मीच लिहिलाय म्हटलं तर एक काका म्हणे, 'पुरावा काय?'

अन्नपूर्णा_डोंबिवली: अगदी! माझी रेसिपी, फोटोतलं माझ्या आईचं पातेलं, आणि नाव भलत्याच बाईंचं. म्हणून मी राइट क्लिक आणि मजकूर निवडणं दोन्ही बंद केलंय.

कोकणी_पावटा: एवढं काय चिडायचं? विचार पोचला ना, नावाचा सोस कशाला?

जुना_वाचक: सोस? रात्री जागून लिहायचं आम्ही आणि नाव पुसायचं दुसऱ्याने? तुमच्या पगाराच्या चिठ्ठीवर दुसऱ्याचं नाव घालतो, मग बोला.

कोकणी_पावटा: आवाज खाली ठेवा. मीही लिहितो. माझ्या गावातले लोक लिंक उघडत नाहीत, फॉरवर्डच वाचतात. त्यांनी वाचूच नये का?

जुना_वाचक: वाचावं. लेखकाचं नाव ठेवून वाचावं. दोन शब्द खोडायला कष्ट घेता, ते ठेवायला काय जातं?

मावळतीचा_वारा: मजकूर निवडणं बंद करणाऱ्यांवर माझा राग आहे. माझ्या मामांना नीट दिसत नाही. ते फोनवर परिच्छेद निवडतात आणि फोनकडून वाचून घेतात. तुमच्या पानावर त्यांचं काहीच चालत नाही. चोर स्क्रीनशॉट काढून मोकळा होतो, अडतात ते मामा.

अन्नपूर्णा_डोंबिवली: ते कुलूप आजच काढते. पण चोरीवर उपाय कुणीच सांगितला नाही, हे लक्षात घ्या. आणि सह्यभटका, तुमचं एवढंच मान्य की अनारसे बिघडलेली बाई मला खाली प्रश्न विचारते, तिचं उत्तर दिलं की पुढच्या वर्षी परत येते. बिलाचं मात्र तुम्ही अजून बोलला नाहीत.

सह्यभटका: बिल जाहिरातींवर निघत असेल तर महिन्याला एकदा हिशेबासारखे आकडे बघा, त्याला माझी हरकत नाही. रोज नको. आणि कमी वाचली गेली म्हणून गव्हाच्या कुरडयांची कृती काढून टाकली असेल, तर ती आधी परत टाका. मी शोधत होतो.

अन्नपूर्णा_डोंबिवली: काढलीये खरी. चिकाचे फोटो सापडले की टाकते.