भातात पाणी तोडायला सांगितलं की सगळे माना डोलावतात, करत कुणीच नाही

बांधावरची:
मी शेतीसल्ल्याचं काम करते. गेल्या हंगामात वीस जणांना छिद्रं पाडलेले पाइप वाटले, भाताच्या खाचरात रोवून पाण्याची पातळी बघायला. खाचरात कायम पाणी तुंबवायचं नाही, पाइपातली पातळी जमिनीखाली १५ सेंमी गेली की पुन्हा ५ सेंमी भरायचं, एवढंच. पाणी ३० टक्क्यांपर्यंत वाचतं आणि चिखलात हवा शिरल्यामुळे मिथेन, म्हणजे तुंबलेल्या चिखलातून निघणारा, हवामान तापवणारा वायू, निम्म्याच्या आसपास येतो. प्रात्यक्षिकाला टाळ्या पडल्या. कापणीला गेले तर बरेचसे पाइप कोरे करकरीत, एकात खुरपी खोचून ठेवलेली. माझं चुकलं कुठे?

पाटकरी:
पाणीपट्टी कशावर आहे? क्षेत्रावर ठरलेली असेल तर पाणी वाचवून त्याच्या पदरात काय पडणार? मिथेन तर डोळ्यांनाही दिसत नाही. ज्याचा पंप स्वतःच्या डिझेलवर चालतो त्याला गाठा. वाचलेली एकेक पाळी तो बोटांवर मोजेल.

खाचरवाली:
तणाचं काही बोललात का? पाणी हटलं की तण उसळतं. म्हणजे पाणी वाचलं त्यांचं, खुरपणी वाढली आमची!
मी तरी केलं. लावणीनंतर दोन आठवडे पाणी हलू दिलं नाही, तण दबलं. फुलोऱ्याच्या आधी आठवडाभर आणि नंतर आठवडाभरही पाणी ठेवलं, तेव्हा ताण बसला तर दाणा पोचट राहतो. आणि पाइप ठोकला की आतला चिखल हाताने उपसावा लागतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या चिखलावर साचलेलं पाणी बघून मी आठ दिवस खूश होते, बाहेर जमीन भेगाळायला लागलेली.

जुनी वही:
अमेरिकेतल्या आयोवात संकरित मका कसा पसरला, यावर रायन आणि ग्रॉस यांचा १९४३ सालचा अभ्यास आहे. बियाण्याची खबर बहुतेकांना आधी विक्रेत्याकडून लागली, पण भरवसा बसला तो शेजाऱ्यामुळे. तेही आधी थोड्याशा तुकड्यात पेरून बघितल्यावर. वीस पाइप वीस जणांना देण्याऐवजी वाटेकडेच्या दोन खाचरांत लावायचे होते. जाता-येता लोक वाकून बघतातच.

बांधावरची:
पाणीपट्टी क्षेत्रावरच आहे, पाटकरींनी बरोबर ओळखलं. पण मला लागलं ते दुसरंच. त्या वीस जणांत एकही बाई नव्हती, आणि हे मला आज कळतंय. खाचरवाली, खुरपणी नेमकी किती वाढली?

खाचरवाली:
एकच जास्तीची. तीही वरच्या कोपऱ्यात, तिथे चिखलणीनंतर फळी नीट फिरली नव्हती. बाकी खाचर सपाट होतं, तिथे वाकावं लागलं नाही.