शर्ट आधी की शरीर आधी? आणि त्यात मासा हवाच का?

काटेकोर :
पुरुषांच्या कपड्यांचा विषय निघाला की गाडी थेट ब्रँडवर जाऊन थांबते. मला ते पटत नाही. ज्याची पाठ सरळ आहे आणि खांद्यात जोर आहे, त्याला साधा पांढरा शर्टही शोभून दिसतो. तसं शरीर कमवायचं तर ताटात मासा हवा. शंभर ग्रॅम माशात साधारण २० ग्रॅम प्रथिनं. बांगडा-तारलीसारख्या तेलकट माशात ओमेगा-३ नावाची उपयुक्त चरबी, वर बी-१२, ड जीवनसत्त्व आणि आयोडीन. एवढं सगळं एका घासात देणारं दुसरं काही असेल तर दाखवा. म्हणून माझा क्रम असा : आधी मासा, मग व्यायाम, सगळ्यात शेवटी शिंपी. पटत नसेल त्यांनी खुशाल भांडावं.

सुईदोरा :
भांडणारच. शिंपी पहिला!

“दहा किलो उतरवले की मग चांगले कपडे घेईन” असं म्हणत अर्धी पुरुषजात ढगळ टी-शर्टात म्हातारी होते. आज जे शरीर आहे त्याला कपडे आजच हवेत. आरशासमोर उभे राहा आणि शर्टाची खांद्यावरची शिवण बघा. खांद्याचं हाड जिथे संपतं, तिथेच ती हवी. दंडावर उतरली तर शर्ट थोरल्या भावाचा वाटतो, मानेकडे सरकली तर धाकट्याचा. खांदा चुकला असेल तर तो शर्ट घेऊच नका, कारण तिथली दुरुस्ती म्हणजे अख्खी बाही उसवून पुन्हा बसवणं. कंबर आत घेणं, बाहीची लांबी कमी करणं ही कामं मात्र शिंपी सहज करून देतो, आणि नेमकी तीच कोणी करून घेत नाही.

१७७८ साली जन्मलेला लंडनचा ब्यू ब्रमेल आठवा. भरजरी थाट बाजूला सारून त्यानं गडद कोट आणि पांढरंशुभ्र लिनन रूढ केलं. त्याचं नाव झालं ते अंगावर चोख बसणाऱ्या कपड्यांमुळे आणि स्वच्छतेमुळे. दंडाचा घेर त्याला कुणी विचारला नाही.

दंडबैठक :
ब्रमेलला नसेल विचारला, मी विचारतोय.

काटेकोर, मासा फिट असतो कारण तो दिवसभर पोहतो. आपण तो खातो आणि आडवे होतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली मोठ्या माणसांना काय सांगितलंय? आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. त्यात मासा खाण्याची मिनिटं धरलेली नाहीत.

प्रथिनांचंही गणित मांडू. नेमानं वजन उचलणाऱ्याला शरीराच्या किलोमागे रोज १.६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पुरतात. ७० किलोच्या माणसाला झाली ११२ ग्रॅम. ती नुसत्या माशातून काढायची तर रोज अर्ध्या किलोहून जास्त मासा लागेल. प्रथिनं म्हणजे विटा. गवंडी आलाच नाही तर त्यांचा नुसता ढीग पडून राहतो, आणि तो कुठे पडतो हे पुरुषांना वेगळं सांगायला नको.

सुईदोरा, तुम्हालाही एक सांगतो. पोक काढून बसणाऱ्याच्या जॅकेटची कॉलर मागे मानेपासून सुटते आणि मध्ये फट दिसते. तुमचा शिंपी ती किती वेळा दाबून बसवणार? नुसती छाती आणि दंड करत बसू नका. पाठीचे व्यायाम करा, ओढायचे प्रकार करा, पुलअप मारा. खांदे मागे गेले की कॉलर आपली आपण बसते.

हिरवागार :
मासा “हवाच” का, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. ओमेगा-३चे ईपीए आणि डीएचए असे दोन प्रकार माशात असतात, पण ते मुळात समुद्रातल्या सूक्ष्म शैवालात तयार होतात. बारके मासे ते खातात, मोठे मासे बारक्यांना खातात. मग आपण थेट शैवालाकडेच का जाऊ नये? शैवालाच्या तेलाच्या कॅप्सूल मिळतात. जवस-अक्रोडातलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं असतं आणि शरीर त्याचं ईपीए-डीएचए फारच थोडं बनवतं, म्हणून मी कॅप्सूलचं नाव घेतलं. प्रथिनांचं म्हणाल तर सुक्या सोयाबीनमध्ये शंभर ग्रॅमला ३५ ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. बी-१२ दुधातून किंवा गोळीतून घ्या. मासा न खाणाऱ्याचे खांदेही शर्टात छान दिसतात, हे मी ठणकावून सांगतो.

काटेकोर :
हिरवागार, खांदे दिसतील हो, पण जेवणाचं काय? कॅप्सूल गिळायची आणि ताटावरून उठायचं? १९७०च्या दशकात बँग आणि डायरबर्ग हे डॅनिश संशोधक ग्रीनलंडच्या इन्युइट या मूळनिवासी लोकांचं रक्त तपासत होते, तेव्हा हा ओमेगाचा सगळा विषय पुढे आला. ते लोक सील, व्हेल, मासे खात होते. कॅप्सूलच्या बाटल्या त्यांच्याकडे नव्हत्या.

तोलूनमापून :
काटेकोर, मासा खा, पण निवडून खा. मोठे शिकारी मासे, म्हणजे शार्क, तलवार मासा वगैरे, वर्षानुवर्षं बारके मासे खातात आणि त्यांच्या अंगात पारा साठत जातो. जपानच्या मिनामाटात पाऱ्यानं माणसांना कशी विषबाधा झाली ते १९५६पासून जगाला ठाऊक आहे. तिथे तो कारखान्याच्या सांडपाण्यातून आला आणि माशांमधून माणसांत गेला. बारक्या तारलीत पारा कमी आणि ओमेगा भरपूर. पण युरिक अॅसिड वाढून ज्यांच्या पायाचा अंगठा सुजतो, त्यांनी तारली आणि शिंपल्यांवर तुटून पडू नये. कोळंबीला मात्र उगाच बदनाम केलंय. तिच्यात कोलेस्टेरॉल असतं खरं, पण संपृक्त चरबी अगदी थोडी असते. ती तेलात बुडवून तळायचं पाप आपलं.

खेकडेबाज :
तुम्ही सगळे पोषणात अडकलात. पुरुषाची स्टाइल कळते ती खेकडा समोर आल्यावर!

बसण्याआधी कफचं बटन काढायचं, कफच्याच रुंदीच्या दोन सपाट घड्या घालायच्या आणि कोपराखाली थांबायचं. बाही चुरगळून वर सारली की ती तिसऱ्या घासाला खाली येते आणि रश्श्यात डुंबते. नांगी फोडताना वर कापड धरायचं, नाहीतर फवारा समोरच्याच्या शर्टावर. अख्खा मासा आला तर वरची बाजू आधी संपवायची. मग शेपटीचं टोक धरून मधला काटा हलक्या हातानं उचलायचा, तो डोक्यापर्यंत सलग निघून येतो. खालची बाजू तशीच मोकळी मिळते, मासा उलटवावाही लागत नाही. हे ज्याला शांतपणे जमतं, तो माझ्या लेखी रुबाबदार. त्याचे दंड बारीक असले तरी चालतील.

दंडबैठक :
नांगी फोडायलाही पकड लागते, खेकडेबाज. पुलअपच्या बारला लोंबकळा.

सुईदोरा :
वा खेकडेबाज, बाहीचं अगदी नेमकं सांगितलंत! पण डाग पडलाच तर गरम पाणी अजिबात लावू नका. गरम पाण्यानं प्रथिनांचा डाग कापडात पक्का बसतो. आधी गार पाणी, मग साबण.

आणि काटेकोर, तुमच्या क्रमानं तुम्ही शिंप्याकडे शेवटी याल, तरी या. फक्त माप देताना श्वास रोखून पोट आत ओढू नका. शिंप्याला खरं पोट दाखवा, नाहीतर जेवायला बसल्यावर मधलं बटन थेट कोळंबीच्या ताटात जाईल.