हालरटाऊ मिटलफ्र्यू: कडूपणासाठी नाहीच तो

हालरटाऊ मिटलफ्र्यू हा हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या फुलांचा, एक जर्मन वाण. कुणीतरी म्हणलंय की तो फारच माइल्ड, आता याला कोण विचारतंय. नाही पटलं. कडूपणा देणारं अल्फा ॲसिड जेमतेम ३ ते ५ टक्के हे खरंय, पण याला कडूपणासाठी घेतंच कोण, हा घ्यायचा वासासाठी, फुलांचा, थोडा गवताचा, मागे हलकासा मसाला, आणि म्हणूनच उकळीच्या शेवटच्या १०-१५ मिनिटांत टाकायचा. मी पहिल्या बॅचला सगळा सुरुवातीलाच ओतला आणि तासभर उकळत बसलो, वास गेला वाफेबरोबर, हाती राहिली २० लिटर सपक लागर बिअर. असो.

आणि तो मागे पडला तो काही चवीमुळे नाही हो. म्युनिकच्या उत्तरेला हालरटाऊत व्हर्टिसिलियम बुरशीनं उभ्या वेली वाळायला लागल्या, मग शेतकरी हर्सब्रुकर या दुसऱ्या वाणाकडे वळले, पुढे ह्युलच्या हॉप्स संशोधन केंद्रानं रोगाला टिकणारे नवे वाण काढले. तरी सॅम्युअल ॲडम्स या अमेरिकन ब्रँडच्या बॉस्टन लागरमध्ये अजून हाच असतो.

घेताना एकच बघा, पेलेट, म्हणजे हॉप्स दाबून केलेल्या गोळ्या, हिरव्यागार हव्यात. पाकीट फोडल्यावर जुन्या चीजसारखा वास आला तर सरळ फेकून द्या.