टेप कुठे लावायची आणि किती वेळा

एकाने विचारलंय की कंबर ९२ सेंमी भरली म्हणून भाऊ मित्रांसोबत सराफ्याच्या खाऊगल्लीत जायचं टाळतो आणि वहिनी रोज दोनदा वजनकाट्यावर चढतात, हे कितपत बरं?

आधी माप नीट घ्या. टेप बेंबीवर नाही, आणि पँटच्या पट्ट्यावर तर नाहीच. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्ये, उघड्या अंगावर, श्वास सहज सोडल्यावर. पोट आत ओढलं की माप खोटं आलंच. भारतीयांसाठी मर्यादा पुरुषांना ९०, बायकांना ८० सेंमी. म्हणजे ९२ वर चालणं वाढवायचं, तोंड लपवायचं नाही.

काटा आठवड्यातून एकदा, सकाळी, उपाशीपोटी. पाळीच्या आधी अंगात पाणी साठून वजन थोडं वाढतं. ती चरबी नसते. रोज मोजून शंका शमत नाही, उलट पक्की होते. सारखं आरशात बघणं, जुनी जीन्स चढवून पाहणं हाही त्यातलाच प्रकार.

पोरांमध्ये बऱ्याचदा उलटं: दंड-छाती कमी वाटते. पिळदार मुलगा मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो, आणि घरच्यांना पत्ता नसतो. रोज तासाहून जास्त वेळ याच विचारात जात असेल किंवा खाल्लेलं ओकून टाकणं सुरू असेल, तर जिमवाल्याला नको, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६.

आणि हो, पोह्यांच्या बशीबरोबर "किती सुटलायस रे!" वाढणं आजपासून बंद.