रोटाव्हायरसचा जीनोटाइप आणि जुलाबाची तीव्रता: खरंच संबंध लागतो का?

रेसिडेंट_बालरोग

पाच वर्षांखालच्या मुलांच्या जुलाबांवर प्रबंध करायचा आहे. एलायझात (स्टूलमधला विषाणू ओळखणारी चाचणी) रोटा पॉझिटिव्ह आलेल्या नमुन्यांचं जी-पी टायपिंग करायचं (म्हणजे विषाणूचा जनुकीय प्रकार, जीनोटाइप, ठरवायचा), प्रत्येक मुलाला व्हेसिकारी स्कोर (जुलाबाची तीव्रता मोजणारे गुण) द्यायचा आणि कोणता स्ट्रेन, म्हणजे विषाणूचा उपप्रकार, जास्त तीव्र आजार करतो ते बघायचं, असा आराखडा आहे. पण वाचायला बसलो तर गोंधळच वाढला. एक पेपर म्हणतो जी९ वाईट, दुसरा जी१२ म्हणतो, तिसऱ्याला फरकच सापडत नाही. स्ट्रेनवर तीव्रता ठरते असं मानायला काही जैविक आधार आहे का? आणि स्कोर, टायपिंग, तुलना यांत नेमकं कुठे फसायला होतं? नमुने फक्त भरती झालेल्या मुलांचेच घ्यायचं ठरलंय.

वॉर्डातून

शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण खरी अडचण तिथे आहे. फक्त भरती मुलं घेतली की सौम्य आजारवाली मुलं आधीच गाळली गेली. उरलेली सगळीच बऱ्यापैकी आजारी, मग स्ट्रेनमधला फरक दिसणार कुठून? जमत असेल तर ओपीडीतून ओआरएस घेऊन घरी जाणारी मुलंही घ्या.

जैविक आधाराबद्दल. जी म्हणजे व्हीपी७ आणि पी म्हणजे व्हीपी४, दोन्ही बाहेरच्या कवचावरची प्रथिनं. पेशीत कसं शिरायचं आणि अँटिबॉडी कशाला ओळखणार हे त्यांच्यावर ठरतं. जुलाब किती होणार यात मात्र एनएसपी४ हे विषासारखं काम करणारं प्रथिन, आतड्याच्या उंचवट्यांवरच्या पेशींची झालेली हानी आणि मुलाची स्वतःची प्रतिकारशक्ती या गोष्टी येतात. जीनोमचे ११ तुकडे आहेत. आपण त्यातल्या दोनांना नावं देतो आणि उरलेल्या नवांबद्दल गप्प बसतो.

सगळ्यात वजनदार घटक म्हणजे हा मुलाचा कितवा संसर्ग आहे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या मेक्सिकोतल्या पाहणीत दोन संसर्ग होऊन गेलेल्या एकाही मुलाला नंतर मध्यम किंवा तीव्र जुलाब झाले नाहीत. २०११ च्या वेल्लोरच्या पाहणीत मात्र तीन संसर्गांनंतरही मध्यम-तीव्र आजारापासून संरक्षण ७९ टक्केच होतं. जागेनुसार इतका फरक पडतो, पण दिशा तीच: पहिला संसर्ग सहसा सगळ्यात जड जातो. म्हणून सहा महिने ते दोन वर्षं हा वयोगट भरतीत पुढे दिसतो. एखाद्या वर्षी नवा स्ट्रेन आला आणि नेमकी ह्याच वयाची मुलं जास्त सापडली, तर दोष स्ट्रेनच्या माथी येतो.

आता व्हेसिकारी. २० पैकी स्कोर, ११ किंवा जास्त म्हणजे तीव्र. भरती होताना स्कोर लावून फाइल बंद करणं ही नेहमीची चूक. जुलाबाचे एकूण दिवस, २४ तासांतले जास्तीत जास्त जुलाब, उलट्यांचे दिवस हे सगळं आजार संपल्यावरच कळतं. उदाहरण घ्या. दुसऱ्या दिवशी आलेलं बाळ: जुलाबाचे दिवस १ ते ४ मध्ये (१ गुण), दिवसात जास्तीत जास्त ५ जुलाब (२), उलट्या एक दिवस (१), दिवसात ३ उलट्या (२), ताप ३८.२ (१), डिहायड्रेशन १ ते ५ टक्के (२), उपचार ओआरएस (१). बेरीज १०, म्हणजे मध्यम. तेच बाळ शेवटी: जुलाब पाच दिवस (२), एका दिवसात ७ (३), उलट्या दोन दिवस (२), दिवसात ३ (२), ताप ३८.६ (२), डिहायड्रेशन तेवढंच (२), उपचार (१). बेरीज १४, तीव्र. स्ट्रेन तोच, बाळ तेच. पालकांना साधं रोजनिशीचं कार्ड द्या आणि सातव्या, चौदाव्या दिवशी फोन करा.

तापाचे मूळ निकष गुदद्वारातल्या तापमानाचे आहेत. काखेत घेणार असाल तर सगळ्यांचं काखेतच घ्या आणि प्रबंधात तसं लिहा. डिहायड्रेशनचा टक्का नजरेने ठरवू नका. कुपोषित मुलाची त्वचा तशीही हळू परतते, रक्तात सोडियम वाढलेल्या बाळाची मात्र पटकन परतते आणि फसवते. वजन घ्या: येताना ७.६ किलो, भरपाईनंतर ८.० किलो, म्हणजे ०.४ भागिले ८.०, पाच टक्के. वजनकाटा दोन्ही वेळा तोच हवा आणि डायपर काढलेलं हवं. हे सांगावं लागतं, खरंच.

बेंच_आणि_पिपेट

प्रयोगशाळेच्या बाजूने. नमुना जुलाब सुरू झाल्यापासून पहिल्या ४८ तासांत मिळाला तर उत्तम, चौथ्या दिवसानंतर विषाणू कमी होत जातो. फॉस्फेट बफरमध्ये १० टक्के द्रावण करा आणि लगेच टायपिंग होणार नसेल तर उणे ७० ला ठेवा. वारंवार वितळवू-गोठवू नका, सुरुवातीलाच छोटे भाग करून ठेवा.

आरएनए दुहेरी धाग्याचा आहे. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शनच्या (आरएनएवरून डीएनए बनवण्याच्या) आधी ९५ ते ९७ अंशांवर पाच मिनिटं तापवून थेट बर्फात टाकायचा. ही पायरी ढिली पडली की धागे परत जुळतात, बँड (जेलवर दिसणारी पट्टी) फिकट येतो आणि दोष प्रायमरला (जनुकाला चिकटून प्रत सुरू करणारा छोटा तुकडा) दिला जातो. पीसीआरच्या, म्हणजे जनुकाच्या प्रती वाढवण्याच्या, पहिल्या फेरीत व्हीपी७चा ८८१ आणि व्हीपी४चा ८७६ बेसजोड्यांचा तुकडा, दुसऱ्या फेरीत टाइपनुसार प्रायमर. पहिल्या फेरीचा बँड स्वच्छ आहे पण दुसऱ्या फेरीत काहीच येत नाही, तर प्रायमरच्या जागी जनुक बदललेलं असण्याची शक्यता जास्त. पी[८] मध्ये हे बऱ्याचदा दिसतं. तो तुकडा सिक्वेन्सिंगला पाठवा. पहिल्याच फेरीत काही नाही, तर आरएनए दहापट पातळ करून परत लावा, स्टूलमधले अडथळे असतात.

ज्यांचं टायपिंग होत नाही त्यांना विश्लेषणातून काढून टाकू नका. त्यात कमी विषाणू असलेले, बहुधा सौम्य आजाराचे नमुने जास्त असतात. ते काढले की उरलेला गट आपोआप गंभीर दिसायला लागतो.

आणखी दोन सापळे. लस नुकतीच दिलेल्या बाळाच्या स्टूलमध्ये लशीचा विषाणू पहिल्या डोसनंतर साधारण आठवड्याने सर्वाधिक असतो. रोटारिक्स या लशीतला स्ट्रेन जी१पी[८]च आहे, साध्या टायपिंगला तो रानटी विषाणूपासून वेगळा ओळखता येत नाही. त्यामुळे डोसची तारीख फॉर्मवर हवीच. दुसरं, २०१३ पासून घोड्याच्या विषाणूशी साम्य असलेला जी३पी[८] बऱ्याच देशांत आला आहे. त्याचा बाकीचा जीनोम डीएस-१ पठडीचा, तर जुन्या जी३पी[८]चा ‘वा’ (Wa) पठडीचा; ही रोटाव्हायरसच्या जनुकांच्या दोन घराण्यांची नावं. अहवालात दोन्ही जी३पी[८]च. निदान काही नमुन्यांचं व्हीपी६ (कवचाच्या मधल्या थराचं प्रथिन) आणि एनएसपी४ तरी बघा.

पी_व्हॅल्यू

वरच्या दोघांनी निम्मं काम केलंच आहे, म्हणून थोडक्यात. वय महिन्यांत, लशीचे डोस, लक्षणं सुरू होऊन किती दिवसांनी आला, पोषण आणि कोणत्या वर्षी-महिन्यात आला, हे सगळं संख्याशास्त्रीय मॉडेलमध्ये घ्या. जी१पी[८] तुलनेचा आधार धरा. दोन-तीन नमुने असलेले दुर्मीळ टाइप ‘इतर’ मध्ये टाका, नाहीतर एका गंभीर बाळामुळे निष्कर्ष उलटेल. मिश्र संसर्ग वेगळा गट. स्कोर थेट वापरा, ११ वर कापलेलं हो-नाही दुसऱ्या क्रमांकावर ठेवा.

लशीचा गोंधळ नीट समजून घ्या. लस घेतलेल्या मुलांचा आजार सौम्य असतो, आणि लस सुरू झाल्यावर बऱ्याच ठिकाणी जी२पी[४]चं प्रमाण वाढलेलं दिसलं. लसीकरण मॉडेलमध्ये घेतलं नाही तर ‘जी२पी[४] सौम्य’ असा निष्कर्ष निघेल, आणि तो लशीचा परिणाम असेल.

रेसिडेंट_बालरोग

खूप उपयोगी. ओपीडीची मुलं घेतो, कार्डही छापून घेतो. अजून एक. नवजात मुलांमधले स्ट्रेन लक्षणं देत नाहीत म्हणतात, मग तिथे तरी स्ट्रेनवर तीव्रता ठरते असं म्हणायला हरकत नाही ना? आणि अहवालात जी१२ वाचून पालक घाबरतात, त्यांना काय सांगायचं?

बेंच_आणि_पिपेट

नवजातांचं प्रकरण खरंच वेगळं आहे. तिथे पी टाइपला महत्त्व आहे, पण ते विषाणू आतड्यातल्या कोणत्या साखरेला चिकटतो यामुळे. पी[११] साखरेच्या ज्या साखळ्यांना चिकटतो त्या नवजात बाळाच्या आतड्यात मुबलक असतात. जी९पी[११] हा ११६ई स्ट्रेन दिल्लीतल्या लक्षणं नसलेल्या नवजातांमध्ये सापडला आणि पुढे त्यातूनच रोटाव्हॅक लस झाली. पण जी१०पी[११] वेल्लोरच्या नवजातांमध्ये लक्षणांसकटही आढळला आहे, म्हणजे इथेही सरसकट विधान चालत नाही. मोठ्या बाळांमध्ये एफयूटी२ जनुक (आतड्यात आणि लाळेत अशा काही साखळ्या बनवणारं) काम करत नसेल तर पी[८]चा संसर्ग कमी होतो. जमलं तर लाळेचा नमुना घेऊन सिक्रीटर स्थिती (हे जनुक काम करतं की नाही) बघा, प्रबंधाचं वजन वाढेल.

वॉर्डातून

पालकांना: आकडा मोठा म्हणून आजार मोठा नव्हे, नंबर सापडण्याच्या क्रमाने पडलेत. उपचार एकच. २४५ ऑस्मोलॅरिटीचं ओआरएस, एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच. अर्ध्या पाण्यात अर्धं पाकीट अंदाजाने ओतू नका. दोन वर्षांखाली प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, त्यावर १०० ते २०० मिली. डिहायड्रेशनची लक्षणं दिसत असतील तर किलोमागे ७५ मिली चार तासांत, आणि ते देखरेखीखाली. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून एक-दोन मिनिटांनी चमचा-चमचा. बहुतेक वेळा ‘ओआरएस टिकत नाही’ म्हणजे वाटीभर एकदम पाजलेलं असतं. अंगावरचं दूध आणि नेहमीचं खाणं चालू. झिंक सहा महिन्यांखाली रोज १० मिग्रॅ, त्यावर २० मिग्रॅ, १० ते १४ दिवस. अँटिबायोटिक नाही, लोपेरामाइड तर अजिबात नाही.

बाळ मलूल पडलं, पिईनासं झालं, त्वचा परतायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागले, तर टाइपचा अहवाल यायची वाट न बघता सलाईन: रिंगर लॅक्टेट किलोमागे १०० मिली. वर्षाखाली ३० मिली पहिल्या तासात आणि ७० पुढच्या पाच तासांत, वर्षावरच्यांना ३० अर्ध्या तासात आणि ७० अडीच तासांत. अति कुपोषित मुलांना हे प्रमाण लावू नका, त्यांचा तक्ता वेगळा आहे. आणि जुलाबात रक्त दिसलं तर एलायझा पॉझिटिव्ह असला तरी शिगेला (रक्ती जुलाब करणारा जिवाणू) शोधा, ते मूल तुमच्या विश्लेषणात मिश्र संसर्गाच्या गटात जाईल.