अडलं की चारचौघांत विचारा

शिरोरेषा (धागाकर्ती)

मागच्या महिन्यात आमच्या दूध संकलनाच्या ॲपमध्ये एक चूक निघाली. उत्पादकाने भाषा हिंदी ठेवली तर पावती बरोबर यायची. मराठी निवडली की लिटर, फॅट, दर सगळं दिसायचं, पण रकमेच्या रकान्यात नुसतं 'नॅन'. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या लेखी नॅन म्हणजे 'हा आकडाच नाही'. पहाटे कॅन घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातात अशी पावती पडली, तर तो आमच्यावर विश्वास का ठेवेल?

दोन दिवस गेले. मग कारण सापडलं. आकडे त्या त्या भाषेप्रमाणे दाखवण्यासाठी ब्राउझर युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिपी संगणकात लिहायच्या प्रमाण पद्धतीच्या, सीएलडीआर या माहितीसाठ्याचा आधार घेतात. त्यात हिंदीचे अंक इंग्रजी धरले आहेत आणि मराठीचे देवनागरी. त्यामुळे 'एमआर-आयएन' ही भारतातल्या मराठीची खूण दिली की साडेबेचाळीस '४२.५' असे येतात. आम्ही तेच दाखवायचं रूप परत हिशेबाला घेत होतो, आणि जावास्क्रिप्टला देवनागरी अंक आकडा म्हणून वाचता येत नाहीत. चूक आमचीच होती. दाखवायचा आकडा आणि हिशेबाचा आकडा वेगळे ठेवायला हवे होते.

उत्तर सापडलं कुठे, तर कुणा अनोळखी माणसाने नेपाळीबद्दल लिहिलेल्या चार ओळींत. नेपाळीचेही अंक देवनागरीच धरलेले आहेत. मराठीबद्दल कुणी लिहिलेलं मला मिळालं नाही. मराठीत साइट बनवणारे आपण इतके जण असून!

आमच्या टीममध्ये सहा जण आहेत. हल्ली कुणीही अडलं की एआयच्या खिडकीत विचारतो, उत्तर घेतो, खिडकी बंद करतो. उघड्यावर कुणी प्रश्न टाकत नाही, सुटल्यावर लिहूनही ठेवत नाही. मला हे चुकीचं वाटतं. वेबवर काम करणाऱ्यांनी आपलं अडलेलं आणि सुटलेलं दोन्ही चारचौघांत मांडावं, आणि मराठी वेबवर काम करणाऱ्यांनी तर नक्कीच. तुम्हाला काय वाटतं?

पंचगंगा

मुद्दा पटला नाही. आमचा कोल्हापूरचा व्हॉट्सॲप गट आहे, नव्वदेक जण. अडलं की स्क्रीनशॉट टाकायचा, दहा-पंधरा मिनिटांत कुणी ना कुणी सांगतंच. परवा एकाचा सर्व्हर रात्री अकराला बंद पडला, तर दोघं जण जेवण अर्धं टाकून कॉलवर आले. हे चारचौघांत विचारणं नाही तर काय आहे? उगाच जगापुढे जायची गरज काय?

शिरोरेषा

पंचगंगा, जेवण टाकून येणारी माणसं मिळाली, हे मोठंच भाग्य आहे. ते नाकारत नाही. पण त्या रात्री सापडलेलं उत्तर आज कुठे आहे? सांगलीतल्या एखाद्याला उद्या तेच अडलं तर त्याला ते शोधून मिळेल का? तुमच्या गटात गेल्या वर्षी विचारलेला एखादा प्रश्न तुम्ही स्वतः तरी आज वर काढू शकाल का?

पंचगंगा

नाही काढता येणार. तेवढं मान्य.

लातूरकरीण

मी असहमत आहे, आणि जरा मोकळेपणाने लिहिते.

२०१९ मध्ये मी शेवटच्या वर्षाला होते. कॉलेजात फ्लेक्सबॉक्स, म्हणजे पानावरचे भाग ओळीत मांडायची पद्धत, कुणी शिकवलं नव्हतं. मोबाइलवर मेनू दुसऱ्या ओळीत जात होता, म्हणून एका मोठ्या जागी प्रश्न विचारला. इंग्रजी माझं कच्चं. तासभर वाक्यं जुळवली, मैत्रिणीकडून तपासून घेतली. वीस मिनिटांत तीन उणे मतं आली, एकाने लिहिलं की आधी शोधायचे कष्ट घ्या, आणि प्रश्न बंद झाला. जिथे उत्तर आहे म्हणून बोट दाखवलं होतं, ते वाचून मला काहीच कळलं नाही, कारण ते समजण्याइतकं येत असतं तर मी विचारलंच नसतं.

त्यानंतर मी चार वर्षं कुठेही प्रश्न विचारला नाही. ऑफिसातसुद्धा नाही. आज मी एआयला मराठीत विचारते, मोडक्या वाक्यात विचारते, एकच गोष्ट पाच वेळा विचारते. ते रागावत नाही. ताई, तुम्ही 'चारचौघांत' म्हणता, पण त्या चारचौघांत सगळ्यांना सारखी जागा नसते.

घाटमाथा

+१ लातूरकरीण. माझंही असंच झालंय.

जुनाजाणता

लातूरकरीण, वाचून वाईट वाटलं. हे कुठे घडलं ते विचारत नाही, कारण त्या काळात बहुतेक ठिकाणी हाच सूर होता. मी २००० पासून या धंद्यात आहे आणि असे प्रश्न बंद करणाऱ्यांत काही काळ मीही होतो, म्हणून त्या बाजूचंही सांगतो.

स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामरांची प्रश्नोत्तरांची साइट. ती २००८ मध्ये जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी सुरू केली. त्याआधी अडलं तर आम्ही मेलिंग लिस्टचे ढीग उपसायचो आणि दोन-दोन आठवडे वाट पाहायचो. तिथली कल्पना अशी होती की प्रश्न फक्त विचारणाऱ्यासाठी नसतो, तो मागून येणाऱ्या हजारोंसाठी असतो. म्हणून एकच प्रश्न दहादा नको, चांगलं उत्तर वर यावं. ही शिस्त नसती तर आजचा साठा उभा राहिलाच नसता. पण शिस्त पाळताना समोर माणूस आहे याचा आम्हाला विसर पडला. २०१८ मध्ये त्या कंपनीनेच जाहीर लिहिलं की नवख्यांना, स्त्रियांना, बाजूला पडलेल्यांना ही जागा आपली वाटत नाही. दहा वर्षांनी का होईना, त्यांनी ते कबूल केलं.

तरीही मी धागाकर्तीच्या बाजूचा आहे. तुम्हाला न रागावणारं एआय आज जे सांगतं, त्यातलं पुष्कळसं कुणीतरी कधीतरी उघड्यावर लिहिलेलं आहे. ते लिहिणं थांबलं तर पुढच्या वर्षी निघणाऱ्या नव्या गोष्टींबद्दल ते कशाच्या आधारावर सांगणार?

म्युनिकचा मावळा

आणि नेमकं म्हणूनच मी लिहिणं बंद केलं.

अकरा वर्षं मी उत्तरं दिली. रात्री मुलं झोपल्यावर, फुकट, आनंदाने. मे २०२४ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोने चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयशी करार जाहीर केला. आमच्यापैकी काहींनी विरोध म्हणून आपलीच उत्तरं पुसायला घेतली, तर त्यांची खाती काही दिवस गोठवली गेली. कायद्याने कंपनीचं चुकलं नसेल. आपण ज्या परवान्याखाली लिहितो तो परत घेता येत नाही, हे मला माहीत आहे. पण त्या परवान्यात लेखकाचं नाव द्यावं ही अटही होती. एआयच्या खिडकीत उत्तर येतं तेव्हा नाव कुठे असतं?

त्याच्या आधीच्या वर्षी, जून २०२३ मध्ये, तिथल्या नियंत्रकांनी संप केला होता. एआयने लिहिलेली बिनबुडाची उत्तरं काढून टाकण्यावर कंपनीने बंधनं घातली, हे त्याचं मोठं कारण. म्हणजे दर्जा राखणारी माणसं बिनपगारी, त्यांचं ऐकायचं नाही, आणि त्यांनी राखलेला साठा मात्र विकायचा. शिरोरेषा, तुमची तळमळ कळते. पण मी माझी रात्र कुणाच्या नफ्यासाठी घालवायची?

शिरोरेषा

मावळे, यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. अकरा वर्षं देणाऱ्या माणसाला 'अजून द्या' म्हणण्याचा हक्क मला नाही.

पण मी एका कंपनीच्या जागेबद्दल बोलत नाहीये. स्वतःच्या ब्लॉगवर लिहा, गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर टिपण ठेवा, आपल्या नावाने. एआय कंपनी तिथूनही उचलेल, ते आपल्याला थांबवता येणार नाही. मात्र बार्शीतल्या एखाद्या मुलालाही ते सापडेल, आणि त्यावर तुमचं नाव असेल.

घाटमाथा

मला एक सांगा, हे मराठीचं खास दुखणं नक्की किती मोठं आहे? एक अंकांचा घोळ सोडला तर कोड कोडच असतो. मी आत्ताच एआयला तुमचा प्रश्न विचारला. त्याने लगेच सांगितलं की भाषेच्या खुणेपुढे 'यू-एनयू-एलएटीएन' जोडा, इंग्रजी अंक येतील. तुमचे दोन दिवस वाचले असते.

जुनाजाणता

घाटमाथा, अंकांचा घोळ ही सुरुवात आहे. माझं ताजं उदाहरण देतो.

एका सहकारी संस्थेची सभासद यादी होती, तीसेक हजार नावं, गावासकट. गाव म्हणून 'कऱ्हाड' शोधलं की निम्मेच सभासद यायचे. उरलेले डोळ्यांना दिसत होते. अक्षरं तीच, रफार नाही, काना-मात्रा तीच. पण शोध म्हणायचा, नाहीत.

हा आपला तो अर्धा 'ऱ', पापणीसारखा दिसणारा. तो दोन तऱ्हांनी टंकता येतो. एक, युनिकोडमधला वेगळा ऱ घेऊन त्याला हलन्त जोडायचा. दुसरी, साधा र, हलन्त, आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण संगणकाला दोन वेगळे शब्द. नेहमीचं युनिकोड नॉर्मलायझेशन, म्हणजे समतुल्य रूपं एक करायची प्रक्रिया, चालवलं तरी ते एक होत नाहीत, कारण युनिकोडच्या दृष्टीने ती दोन रूपं समतुल्य नाहीतच. साठवताना आणि शोधताना, दोन्हीकडे आपणच एका रूपात आणावं लागतं. मी एआयला विचारलं तेव्हा त्याने तीनदा नॉर्मलायझेशनच सुचवलं. दुसऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा, पायऱ्या, गोऱ्हे. हे शब्द असलेल्या प्रत्येक मराठी साइटच्या शोधात ही अडचण लपलेली आहे. हिंदीवाल्यांना हा 'ऱ्' लागत नाही, म्हणून ते याबद्दल लिहिणार नाहीत.

अजून एक. पानाची भाषा 'एमआर' अशी नोंदवली नाही, तर कित्येक फाँट 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दाखवतात. मराठी वळणाची अक्षरं त्याच फाँटमध्ये असतात, फक्त मागावी लागतात. किती मराठी साइट ती मागतात, जाऊन पाहा.

घाटमाथा

आमची नाही मागत. आत्ताच पाहिलं. दोन वर्षं साइट चालू आहे आणि भाषा 'ईएन' नोंदवलेली आहे.

मी असहमतच आहे, हे सगळं लिहायला वेळ कुणाला असतो हा माझा प्रश्न आहेच. संध्याकाळी साडेसातला स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची बैठक, संपतो, मग हिंजवडीहून घरी. पण 'मराठीचं असं काय वेगळं' हे वाक्य मागे घेतो.

पंचगंगा

भाषेचा मुद्दा राहिला. लिहायचं तर कोणत्या भाषेत? स्टॅक ओव्हरफ्लोच्या पोर्तुगीज, स्पॅनिश, रशियन, जपानी अशा वेगळ्या शाखा आहेत. भारतीय भाषेतली एकही नाही. मुख्य जागी इंग्रजीच लागतं. आणि मराठीत लिहिलं तर वाचणार किती जण?

लातूरकरीण

२०१९ ची मी वाचली असती. तेवढी एक तरी नक्की.

शिरोरेषा

मला वाटतं दोन्हीत लिहावं. 'ऱ्' सारखं दुखणं मराठीत सविस्तर, आणि वर दोन ओळी इंग्रजीत, म्हणजे परभाषक विकासकालाही सापडेल. त्याच्या साइटवरही कऱ्हाडचे सभासद असू शकतात.

सीएलडीआरमध्येही खातं मागून मराठीसाठी सूचना करता येतात आणि मत नोंदवता येतं. महिन्यांची नावं, तारखेचा क्रम, अंक, हे सगळं तिथे ठरतं. आपण तिथे नसलो तरी ते ठरणारच.

लातूरकरीण

ताई, मग एक विचारू का? इतक्या वर्षांनी विचारते आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या बस आरक्षणाच्या पानावर गावांची नावं लांब झाली की आठ अक्षरांवर कापून पुढे टिंबं देतो. 'किर्लोस्करवाडी' कापल्यावर 'किर्लोस्…' असं दिसतं, स चा पाय मोडलेला. दहा केलं तर हे नाव नीट दिसतं, पण मग दुसरंच एखादं मोडतं. काय करावं?

जुनाजाणता

प्रश्न अगदी नीट मांडलाय, उदाहरणासकट.

तुम्ही कापताय ती अक्षरं नाहीत, युनिकोडचे तुकडे आहेत. 'किर्लोस्करवाडी'त ते १४ आहेत, आठवा तुकडा हलन्त आहे, तिथेच कात्री लागते. ब्राउझरमध्ये 'इंटल सेगमेंटर' नावाची सोय आहे, फायरफॉक्समध्ये ती एप्रिल २०२४ ला आली, क्रोम आणि सफारीत आधीपासून होती. तिला शब्द दिला की अक्षरांप्रमाणे तोडून देते. कि, र्लो, स्क, र, वा, डी अशी सहा. त्यातली हवी तेवढी घ्या.

एक सावधगिरी. जोडाक्षर एकत्र धरायचा नियम युनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. जुन्या ब्राउझरमध्ये 'स्' आणि 'क' अजून वेगळे निघतील. म्हणून शेवटचा तुकडा हलन्तावर संपत असेल तर पुढचाही घ्या, अशी एक अट घाला.

लातूरकरीण

केलं. नीट दिसतंय, 'किर्लोस्क…'. पण कऱ्हाड, बऱ्हाणपूर तपासायचे राहिलेत. तुम्ही म्हणालात तो न दिसणारा जोड आला तर शेवट हलन्तावर होणारच नाही, त्या चिन्हावर होईल ना? मग तुमची अट लागू पडेल का?

जुनाजाणता

नाही पडणार! हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. अटीत ते चिन्हही धरावं लागेल. तपासून काय दिसतं ते इथेच लिहा, जुना फोन हाताशी असेल तर त्यावरही पाहा.