उभ्या गाडीचा ब्रेक चिकटून चाक धरलं! तुमचे अनुभव सांगा

इंदिरानगरची लेक
आज सकाळी पार्किंगमध्ये शेजारच्या काकूंची गाडी हलेना. इंजिन चालू, गिअर पडतोय, पण गाडी नुसती मागे बसायची आणि बंद पडायची. चार दिवसांपूर्वी धुतली होती, वर ही झड, आणि हँडब्रेक कचकचून ओढलेला. तो आवाज ऐकला आणि एकदम बाबा आठवले.

2006 चा जुलै. आम्ही आठ दिवस गावाला जाऊन आलो होतो. बाबांना मुंबईला जायचं होतं, सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडायची होती. गाडी काढायला गेले तर मागचं डावं चाक फिरेचना. पुढची चाकं ओढतायत आणि ते एक चाक तसंच घासत येतंय, फरशीवर काळा पट्टा. समोरचे काका बनियनवरच आले, पाना घेऊन ब्रेकच्या ड्रमवर (चाकाच्या आतला गोल डबा) चहूबाजूंनी हलकं हलकं ठोकलं आणि म्हणाले, "पुढे नको, आता मागे घ्या." टक्क करून सुटलं. तोवर पंचवटी गेली होती. बाबा महामार्ग स्टँडवरून एसटीने गेले.

त्यानंतर डिकीत अर्धी वीट आली. सपाट जागी गाडी लावली की पहिला गिअर, चाकाला वीट, हँडब्रेक मोकळा. लग्नाच्या हॉलबाहेरसुद्धा! बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. वीट माझ्या डिकीत आहे.

तुमच्याकडेही असं झालं असेल तर लिहा ना.

सिडकोकर
सेम. स्कुटर, मागचं चाक. धुऊन लावली, चार दिवस हात नाही लावला. ब्रेकचा लिव्हर दाबला तो दाबलेलाच राहिला. ड्रममधला कॅम (ब्रेक ढकलणारा तुकडा) गंजलेला निघाला, केबल पण. साफ करून ग्रीस लावलं, झालं. बाबांचं वाचून वाईट वाटलं ताई.

गंगापूर रोड
2020 चं लॉकडाऊन. गाडी दोन महिने जागेवर. पुढच्या ब्रेकच्या डिस्कवर लाल गंज बघून घाबरलो होतो, पण तो वरवरचा असतो, कॉलनीत चार-पाच वेळा ब्रेक मारले की खर्र खर्र करून निघून जातो. घोळ मागच्या ड्रमचा. मी घाईत क्लच सोडून जोर लावला. मोठ्ठा आवाज आला, गाडी सुटली म्हणून आनंद झाला, पण चाकातून खडखड सुरू. उघडलं तर लायनर, म्हणजे घासणारा थर, शूवरून (ड्रमला आतून दाबणारी पट्टी) सोलून ड्रमलाच चिकटलेलं. एवढंच सांगतो, जोर लावू नका.

निफाडची सून
आमच्याकडे ट्रॅक्टरचं होतं असं. छाटणीनंतर ट्रॉली उभी राहिली की राहिलीच. यंदा थंडी काय पडली होती, पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या करून बसलो होतो, मण्यांना तडे जाऊ नये म्हणून. सासरे दोन रात्री झोपले नाहीत.

सिडकोकर
@निफाडची सून, वाचला का मग माल?

निफाडची सून
निम्मा. जाऊ द्या. बोलते नंतर, दूध उतू चाललंय

आडगाव नाका
भो, मोठ्या गाडीचं उलटं असतं. आमच्या ट्रकमध्ये मागचा पार्किंग ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि हवेने सुटतो. टाकीत हवा भरली नाही तोवर गाडी जागची हलणार नाही. नवीन पोरं म्हणतात जाम झाली, अरे आधी प्रेशरचा काटा बघ. आणि रोज टाकीखालचा कॉक उघडून पाणी काढायचं, पावसाळ्यात तर नक्कीच.
कसारा घाट उतरून आलो की लगेच पार्किंग ब्रेक ओढून झोपायचं नाही. ड्रम तापून फुगलेला असतो, थंड झाला की आवळतो आणि शू धरून ठेवतो. सपाट जागा बघायची, दगड लावायचे, थंड होऊ द्यायचं. हे मला माझ्या उस्तादाने शिकवलं, बावीस वर्षं झाली.

इगतपुरी, निवृत्त
रेल्वेत याला ब्रेक बाइंडिंग म्हणतात. स्टेशनातून गाडी जाताना चाकापाशी धूर किंवा जळका वास आला तर लाल झेंडी दाखवायची. मग त्या डब्याचा रिलीज व्हॉल्व्ह ओढून हवा सोडायची. कसारा घाट 37 ला 1 चढाचा, म्हणजे 37 फुटांत 1 फूट चढ, मागे बँकर (ढकलणारं जादा इंजिन) लावल्याशिवाय बहुतेक गाड्या वर येत नाहीत, त्यात एखादं चाक धरलं तर काय होईल बघा. पावसात ड्युटी केलेल्यांना नमस्कार.

पाथर्डी फाटा
आमचं बेसमेंट उताराचं आहे. हँडब्रेक न ओढता कसं जमेल?

अंबडचा फिटर
@पाथर्डी फाटा, उतारावर ओढायचाच. गिअरही टाका, दगडही लावा. गाडी घरंगळण्यापेक्षा चिकटलेली बरी. फक्त धुतल्यावर लगेच लावू नका. एक चक्कर मारा, हळूहळू ब्रेक दाबत, म्हणजे आतलं पाणी सुकतं.
अजून एक. सकाळी एकदा चिकटून सुटली तर तो गंज. पण चालवून आल्यावर एकच रिम बाकीच्यांपेक्षा तापलेली असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल, तर कॅलिपरची (डिस्क पकडणारा चिमटा) पिन किंवा पिस्टन अडकलाय, नाहीतर हँडब्रेकची केबल परत येत नाही. ते दाखवून घ्या. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं, दोन वर्षांनी बदला.
आणि कृपा करून ड्रममध्ये डिझेल, ऑइल, गंजाचा स्प्रे काही मारू नका. मागच्या आठवड्यात एक जण मारून आला होता. चाक सुटलं, पण लायनर तेल प्यायलं, ब्रेक लागेना. सोबत लहान मुलगी होती त्याच्या.

पंचवटी कारंजा
2019 च्या पुराला भावाची रिक्षा गाडगे महाराज पुलाच्या बाजूला होती. दुतोंड्या मारुती (नदीपात्रातली मूर्ती) बुडालेला, गंगेचं म्हणजे आपल्या गोदावरीचं पाणी कुठपर्यंत आलं होतं आठवा. गाळ उतरल्यावर तिन्ही ड्रम उघडले, आतून ओंजळभर चिखल. आठ दिवस धंदा बंद. गल्लीतल्या पोरांनी धुऊन दिली सगळी.

सिडकोकर
दुतोंड्या बुडाला की आजी म्हणायची आता सराफ बाजार आवरा.

पंचवटी कारंजा
आमचीपण! तुमचं मूळ घर कुठं?

सिडकोकर
भद्रकाली. मेसेज करतो.

गंगापूर रोड
काकूंच्या गाडीचं काय झालं शेवटी?

इंदिरानगरची लेक
सुटली. पान्याने ठोकलं आणि मागे घेतली, तस्संच टक्क. काकूंनी विचारलं, ती वीट देतेस का. बांधकामावरून दुसरी आणून दिली.